धास्ती मोबाईलवर नको, सभेत मांडा!

१ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण सुरू झाले. दोन्ही गावे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली. तेव्हापासून आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथली पोरे रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत जागी असतात. भांडण आपले नाही, पण गाव तापले की चटका कोणाला बसतो हे मराठवाड्यातल्या बौद्धांना सांगावे लागत नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या जळाल्या. ही धास्ती मनाचे खेळ नाहीत, तिला इतिहास आहे.

मग या धास्तीचे करायचे काय? काही जण म्हणतात, राजकारण सोडा, शिबिराला जा, डोळे मिटून बसा. काही जण म्हणतात, ध्यान म्हणजे पळपुटेपणा, जशास तशी पोस्ट टाका. आमच्या मते दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे मानले नाही. कारण होते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्यांच्या संघात कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उभा राहिला, विरोध केला, दोन्ही बाजूंच्या पंचांकडून तोडगा काढा म्हणाला. मतदानात हरला. युद्धात उतरायला नकार दिला तेव्हा कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्तीची धमकी आली. गावकीचा बहिष्कार सोसलेल्या समाजाला ही धमकी ओळखीची आहे. त्याने कुटुंबाला शिक्षा होऊ दिली नाही, स्वतः परिव्रज्या पत्करली. पुढे युद्ध टळल्याचे कळले, तरी तो परतला नाही. संघर्षाचे मूळ शोधत राहिला.

म्हणजे आधी सभा, मग ध्यान. आणि ध्यानही संघर्षाचे मूळ शोधण्यासाठी. यात पळपुटेपणा कुठे आहे?

गेल्या वर्षी एका गावात पुतळ्याच्या विटंबनेचा मेसेज फिरला. पोरे निघायच्या तयारीत होती. आम्ही म्हणालो, आधी दोघे जण जाऊन बघा. पुतळा जसाच्या तसा होता. त्या रात्री चौथ्या शीलाने पोरांना पोलीस केसपासून वाचवले. खरे न बोलणे जसे शीलभंग आहे, तसेच न तपासता फॉरवर्ड करणेही आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. रविवारी वंदना झाली की सतरंजी गुंडाळू नका. अर्धा तास बसा. कोणाला कशाची भीती वाटते ते बोला, खरे-खोटे तपासा, अर्ज लिहायचा की मोर्चा काढायचा ते मताने ठरवा. हरलात तरी द्वेष नको आणि घरी बसणेही नको.

एकट्याच्या मोबाईलमधली भीती माणसाला खाते. सभेत मांडलेली भीती मुद्दा होते, आणि मुद्द्यावर लढता येते.

जयभीम! नमो बुद्धाय!