रोग बरा झाला, पुढे काय?

तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेला माणूस उपचार संपवून घरी आला की आपण देवापुढे साखर ठेवतो आणि म्हणतो, "सुटलो एकदाचे!" हा आनंद योग्यच आहे. पण आमचे मत असे की, डॉक्टरांचे काम संपते तेथे घरच्यांचे काम सुरू होते.

आम्ही राहतो त्या लोअर हट गावच्या हट रुग्णालयात प्लास्टिक व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा प्रादेशिक विभाग आहे. किरणोपचारासाठी मात्र वेलिंग्टनला जावे लागते. हे उपचार बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. किरणांनी गाठ मरते, पण लाळेच्या ग्रंथीही दुखावतात. तोंड कोरडे पडते, चव जाते, जबडा आखडतो, गिळताना ठसका लागतो. यातील काही त्रास हळूहळू कमी होतात, काही जन्मभर सोबत राहतात.

अशा रुग्णांचे पुढचे जगणे कसे आहे हे समजण्यासाठी युरोपात 35 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ती हिंदी व मराठीत आणून आपल्या रुग्णांवर तपासली आणि 2005 साली त्याविषयी लिहिले. तोंड कोरडे पडते काय, टेलिफोनवर बोलणे जड जाते काय, असे त्यात विचारले आहे. घरच्यांसमोर जेवताना अडचण वाटते काय, असाही एक प्रश्न आहे. तो आपल्या प्रत्येक घराने मनावर घ्यावा.

कारण आपल्याकडे माया ताटातूनच वाढली जाते. "एवढेच? आणखी एक पुरी घ्या ना, काका!" हा आग्रह ज्याला घासागणिक पाणी प्यावे लागते त्याला शिक्षाच होते. पंगत उठते, तरी त्याचे अर्धे ताट तसेच असते. पुढच्या लग्नाला तो म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." माणूस वाचला, पण आपल्यातून उठून गेला.

म्हणून आमची विनंती अशी. त्याच्यासाठी मऊ भात, पातळ वरण, कढी असे काही जरूर करावे. पण ते वेगळ्या खोलीत नव्हे, सर्वांबरोबर वाढावे. कोणीतरी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत बसावे. त्याचे बोलणे अस्पष्ट झाले असले तरी वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. गिळण्याचे व तोंड उघडण्याचे व्यायाम कंटाळून सोडू देऊ नयेत. दात काढायची वेळ आली तर किरणोपचार झाल्याचे दंतवैद्याला आधी सांगावे, कारण त्या जबड्याची जखम सहज भरत नाही. आणि सुपारीचे तबक त्याच्यापुढे करू नये. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगास कारण होते, हे 2004 सालीच जागतिक तज्ज्ञांनी ठरवले आहे.

न्यूझीलंडमध्ये 1996 च्या रुग्णहक्क संहितेनुसार, गरज असेल व शक्य असेल तेथे दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. तो मागण्यात संकोच कसला? मुलगा वडिलांच्या वतीने "सर्व ठीक आहे" असे सांगून मोकळा होतो, आणि वडिलांचे दुःख मनातच राहते.

उपचार डॉक्टरांनी केले. आता त्या माणसाला पंगतीत जागा देणे आपल्या हाती आहे. ती आपण देऊ या.