यजमान नसलेली पंगत

पौष वद्य एकादशी जवळ आली की नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून शेकडो दिंड्या त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागतात. संतश्रेष्ठ निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन हे त्यांचे गंतव्य. थंडी कडाक्याची असते, मुक्काम बहुधा एखाद्या गावातील मंदिरात किंवा शाळेच्या पटांगणात पडतो. दिंडी येणार हे गावाला ठाऊक असते. सायंकाळी प्रत्येक घरातून भाकरी येतात, त्यांची चळत एका स्वच्छ कापडावर रचली जाते, पिठले किंवा आमटी मोठ्या पातेल्यात शिजते. वारकरी पंगतीला बसतो तेव्हा त्याच्या पानात पडलेली भाकरी कोणत्या घरची, हे त्याला कळत नाही आणि कळून घेण्याचे कारणही नसते. बाजरीची एक, ज्वारीची दुसरी, एक किंचित करपलेली. सर्व सारख्याच आदराने खाल्ल्या जातात.

शहरांतील मध्यमवर्गीय वसाहतींत आज ज्या भोजनाला ‘पॉटलक’ म्हटले जाते, ‘डबा पार्टी’ हे ज्याचे मराठी नाव रूढ झाले आहे, त्याचे मूळ शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. गोकुळातील गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून केलेला काला आपल्या समाजाने शतकानुशतके स्मरणात जपला. सप्ताहाची सांगता आजही काल्याच्या कीर्तनाने होते. भोंडल्याची खिरापत, कोजागरीचे दूध, शाळेची सहल, वनविहार, या सर्वांत तेच तत्त्व निरनिराळ्या रूपांनी नांदते. नाव नवे असले, तरी पंगत जुनीच आहे.

मात्र पंगत जुनी असली, तरी तिचा अर्थ विस्मरणात जाऊ लागला आहे, ही चिंतेची बाब होय. सोसायटीत अशा भोजनाचे निमंत्रण आले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांना आवडेल असे काय न्यावे? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न दडलेला असतो : आपला पदार्थ इतरांपेक्षा उठून कसा दिसेल? येथेच वाट चुकते.

अन्नछत्रात किंवा भंडाऱ्यात एक दाता असतो आणि अनेक घेणारे असतात. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी आखाड्यांच्या छावण्यांतून दिल्या जाणाऱ्या अन्नदानाची थोरवी निर्विवाद आहे. लग्नाच्या पंगतीत यजमान असतो, त्याची ऐपत असते आणि तिचे थोडे प्रदर्शनही समाजाने मान्य केलेले असते. एकत्र केलेल्या शिदोरीत मात्र यजमान कोणीच नसतो. प्रत्येक जण देणारा आणि प्रत्येक जण घेणारा. या पंगतीत कोणी उपकृत होत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आणि हेच तिचे सामर्थ्य. म्हणूनच तिच्यात न्यायच्या पदार्थाची कसोटी निराळी आहे. तो टिकावा, सर्वांना खाता यावा आणि शेजारच्या डब्याला त्याने खाली पाहावयास लावू नये.

या तीन कसोट्यांना उतरणारे पदार्थ मराठी स्वयंपाकघरात भरपूर आहेत. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची किंवा खुरासणीची चटणी असली की आणखी काही लागत नाही. धपाटी व थालीपिठे गार झाली तरी गोडी सोडत नाहीत. दडपे पोहे तर शिजवावेही लागत नाहीत. पातळ पोहे, ओले खोबरे, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि वरून फोडणी, की अर्ध्या तासात वीस जणांचे काम होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून परतलेली वाटली डाळ, कोथिंबिरीच्या वड्या, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, पातेलेभर मसालेभात, हे सर्व प्रवास सोसतात आणि लहानांपासून वृद्धांपर्यंत कोणी नाही म्हणत नाही. गोडात गूळपापडी किंवा पौषात तिळाच्या वड्या. उन्हाळ्याच्या दिवसांत ओले खोबरे आणि दही यांबाबत सावध असावे. ते घातलेला पदार्थ आयत्या वेळी कालवणे श्रेयस्कर.

प्रमाणाचाही विचार हवा. दहा कुटुंबे एकत्र येणार आणि प्रत्येकाने सर्वांना पोटभर पुरेल इतके आणले, तर दहापट अन्न जमते आणि उरलेले कोठे टाकावे हा प्रश्न पडतो. आपल्या घरातील माणसांना पुरेल त्याच्या दीडपट, एवढे पुरेसे असते. कारण प्रत्येकाच्या पानात प्रत्येक पदार्थाचे दोन घासच जाणार असतात. पोळी-भाकरी कोणी, भात कोणी, भाजी-उसळ कोणी, गोड कोणी, ही विभागणी आधी ठरली म्हणजे सात डबे गोडाचे आणि पोळी एकाचीही नाही, असा प्रसंग ओढवत नाही. पाने पत्रावळीची असावीत, पाणी घरून आणावे. मागे राहिलेला प्लॅस्टिकचा ढीग ही कोणत्याही सत्कार्याची शोभा नव्हे.

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणाऱ्या भाविकांच्या पिशवीत डोकावले, तर या विषयाचे आणखी एक अंग ध्यानात येते. पाऊस, चिखल, सुमारे वीस किलोमीटरची पायपीट आणि त्यातून उपवास. शिदोरी असते साबुदाण्याच्या खिचडीची, राजगिऱ्याच्या लाडवांची, भगरीची. यांपैकी साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भगर मात्र याच डोंगरांची लेक आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या तालुक्यांतील वनवासी शेतकरी डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवतो. ती वरई म्हणजेच आपल्या उपवासाची भगर. पुण्या-मुंबईच्या घरात एकादशीचे ताट ज्याच्या घामावर वाढले जाते, त्याच्या घरची नागलीची भाकरी त्या घराने कधी चाखली आहे काय? संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, शहरांत नागलीच्या बिस्किटांना भाव आला. पण ज्याने ती नागली शतकानुशतके सांभाळली, त्याच्या चुलीजवळ बसून खाण्याचा प्रसंग किती जणांनी स्वतःवर येऊ दिला? भाजलेल्या नागलीच्या पिठात गूळ व तूप घालून वळलेले लाडू एकत्र भोजनात न्यावेत, ते निःसंशय संपतील. भगर न्यायची तर ती निवडून, स्वच्छ धुऊन आणि ताजी शिजवून न्यावी. ओल धरलेल्या भगरीला बुरशी येते व तिच्यातून विषबाधा झाल्याची उदाहरणे सणासुदीला घडतात. परंतु पदार्थ नेण्यापेक्षा माणसे नेणे अधिक मोलाचे.

कारण एकत्र भोजनाचा खरा प्रश्न ‘काय आणले’ हा कधीच नव्हता. तो ‘कोणाच्या हातचे’ हा होता. या एका प्रश्नाने हिंदू समाजाचे जेवढे नुकसान केले, तेवढे परकीय आक्रमकांनाही साधले नसेल. संतचरित्रांतील मांड्यांची कथा सर्वश्रुत आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांपैकी थोरल्या निवृत्तीला मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली, तर विसोबा चाटीने ते मिळू दिले नाही. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. पुढे तोच विसोबा शरण आला, असे परंपरा सांगते. शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. ज्याला भाजायला खापर नाकारले गेले, त्याच्या दारी आज लक्षावधी माणसे घरोघरच्या भाकरी एकत्र खाऊन पोहोचतात. समाजाने केलेले याहून बोलके प्रायश्चित्त कोणते?

पण प्रायश्चित्त एकदा घेऊन संपत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. देवाच्या दारी त्याच्याच लेकरांना उभे राहावे लागले, ही त्र्यंबकेश्वरापासून एका दिवसाच्या वाटेवरील घटना आहे. त्याच काळात रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सहभोजनांचा धडाका लावला; १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले उपाहारगृह सुरू झाले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी तर सत्यनारायणाच्या पूजेला उपेक्षित समाजातील दांपत्य बसवून झुणका-भाकरीचा प्रसाद वाटला. त्यांनी निवडलेला पदार्थ पाहण्यासारखा आहे. शिऱ्याला तूप, साखर, रवा लागतो. झुणका-भाकर प्रत्येक घरात असते. जो पदार्थ कोणालाही परवडतो, तोच सर्वांचा प्रसाद होऊ शकतो.

आज वाळीत टाकण्याची भाषा उघडपणे कोणी बोलत नाही. तरीही एखाद्या सोसायटीच्या भोजनात एक डबा जवळजवळ भरलेला परत जातो. कोणी काही म्हणत नाही. चमचे फक्त त्या डब्यावरून पुढे सरकतात. घरी गेल्यावर तो डबा उघडणाऱ्या गृहिणीला जे कळायचे ते कळते. दुसरीकडे, बाहेरून मागवलेल्या महागड्या पदार्थाभोवती गर्दी होते आणि साधी उसळ आणणारे कुटुंब पुढच्या वेळी काही कारण सांगून येत नाही. अपमान जातीचा असो वा ऐपतीचा, पंगत तुटते ती तेथेच.

शिबिरांसाठी वस्तीतून पोळ्या गोळा करण्याची पद्धत कार्यकर्त्यांच्या घरांना परिचित आहे. शेकडो घरांच्या पोळ्या एका टोपलीत पडतात आणि मग त्या कोणाच्याही राहत नाहीत. हाच संस्कार घरोघरच्या एकत्र भोजनात उतरावयास हवा. डबे आल्याबरोबर त्यांवरील नावे दूर व्हावीत, पदार्थ मोठ्या पातेल्यांत ओतले जावेत, वाढण्याचे काम पुरुषांनी आणि मुलांनी घ्यावे, जेणेकरून सकाळपासून राबलेल्या माउलीलाही पहिल्या पंगतीत बसता येईल. ज्यांना आजवर बोलावले गेले नाही, अशा निदान दोन घरांना निमंत्रण जावे. त्यांना पाहुणे म्हणून बोलावू नये. आपला डबा घेऊन येणारे सोबती म्हणून बोलवावे. कारण ज्याच्या घरचे आपण खात नाही, त्याला जेवू घालणे ही केवळ दया ठरते, आणि दयेने आजवर कोणताही समाज एक झालेला नाही.