वकिलाची चूक, अशिलास दंड

हुंडीची मुदत चुकली तर चुकविणाऱ्याची पत जाते. परंतु वकिलानें मुदत चुकविली तर दंड अशिलास बसतो. नादारीच्या कामांत हा अन्याय विशेष जाचतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या ६१ व्या कलमान्वयें कंपनीच्या प्रकरणांतील हुकुमावर अपील करण्यास ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखविल्यास फार तर १५ अधिक. त्यानंतर आलेलें अपील, चूक कोणाचीही असो, ऐकलेंच जात नाहीं.

मग अशिलानें दाद कोठें मागावी? वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखालीं येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं ठरविलें. दिवाणी दावा वर्षानुवर्षें चालावयाचा; आणि १९६१ च्या कायद्याप्रमाणें बार कौन्सिलकडे तक्रार केल्यास वकिलास शिक्षा होईल, बुडालेली रक्कम परत येणार नाहीं.

वकिलीच्या स्वातंत्र्याचे आम्ही कैवारी आहों. पण स्वातंत्र्य म्हणजे बेजबाबदारी नव्हे. अशा चुकीची भरपाई देणारा विमा प्रत्येक वकिलास सक्तीचा करावा, अशी आमची मागणी आहे. तोंवर व्यापाऱ्यांनीं मुदतीची तारीख स्वतःच्या रोजकीर्दींत मांडून ठेवावी, आणि अपील दाखल झाल्याची पोंच हातीं येईपर्यंत स्वस्थ बसूं नये.