जोडून आलेली सुट्टी आणि जवळची दुकानदारी

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि पुढे रविवार. नोकरदारांना लागोपाठ तीन दिवस मोकळे मिळाले. अशी जोडून सुट्टी आली की पुणे परिसरात लोणावळा आणि ताम्हिणीच्या वाटेवर मोटारींच्या रांगा लागतात आणि सुट्टीचा मोठा भाग रस्त्यावरच खर्च होतो. आमच्या मते घराजवळ राहून, चांगलेचुंगले खाऊन आणि रखडलेली कामे उरकून घालवलेली सुट्टी ही काही नाइलाजाची सुट्टी नव्हे. ती खरी आरामाची सुट्टी आहे. पण तिचा लाभ जवळच्या दुकानदाराला मिळायचा असेल तर त्याला आपला जुना दस्तूर बदलावा लागेल.

मुळशी तालुक्यातील महाळुंगे गावाचे उदाहरण पाहा. (चाकणजवळचे महाळुंगे वेगळे.) १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे महाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. पुढे हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क वाढले, उंच इमारती आल्या आणि जून २०२१ मध्ये हे गाव इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेले. वस्ती वाढली, म्हणजे गिऱ्हाईक वाढले. परंतु हे गिऱ्हाईक सोमवार ते शुक्रवार कंपनीत किंवा हिंजवडीच्या रहदारीत अडकलेले असते. त्याच्याजवळ वेळ असतो तो फक्त सुट्टीच्या दिवशी. धंद्याच्या दृष्टीने मुद्दा हाच आहे.

अशा कुटुंबाला घराजवळ काय कमी आहे? सकाळी बेकरीतून गरम पाव आणावा व घरी खिमा करावा. दुपारी मुळशी-मावळच्या इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदळाचा भात आणि मटणाचा रस्सा. श्रावण पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी त्याच भातावर वालाचे बिरडे किंवा अळूची भाजी. चव दोन्हीकडे आहे. संध्याकाळी मुलांना घेऊन बालेवाडी-बाणेरपर्यंत एक फेरी. मधल्या वेळात दळण, चपलेचे टाके, किल्लीची नक्कल, पायजम्याची लांबी, खिडकीचे पडदे. ही कामे बारीक आहेत, पण उरकली की डोक्यावरचा भार उतरतो, आणि या प्रत्येक कामामागे एका माणसाची रोजी आहे.

आमच्या कापडधंद्यातले उदाहरण देतो. समजा, सात फूट म्हणजे ८४ इंच लांबीचा पडदा हवा आहे. आधी न आटवलेले सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण शेकडा तीन ते पाच आटते. चार धरले तरी ८४ इंचांत जवळजवळ साडेतीन इंच गेले. पार्सलने मागवलेला तयार पडदा असा आखूड झाला तर एकदा धुतलेला माल परत कोण घेणार? जवळचा जाणकार दुकानदार आधीच सांगतो की कापड भिजवून वाळवून मग शिवायला द्या, खाली दुमड भरपूर ठेवा, आणि चुण्या नीट पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या. ओळखीचा शिंपी घरी येऊन माप घेतो. हा सल्ला, हे माप आणि नंतरची दुरुस्ती, हाच आम्हा छोट्या दुकानदारांचा खरा माल आहे. तो पार्सलच्या खोक्यात येत नाही.

मग गिऱ्हाईक मोबाइलवर का खरेदी करते? केवळ स्वस्त मिळते म्हणून नव्हे. तेथे रविवारी दार बंद नसते. भाव लिहिलेला असतो, माणूस पाहून बदलत नाही. नापसंत माल बहुधा परत जातो. आपल्याकडे मात्र दुपारी एक ते चार दुकान बंद, सुट्टीच्या दिवशी कुलूप, दोन ठाण उलगडायला सांगितले की कपाळावर आठ्या, आणि भिंतीवर पाटी की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. नुसती ऑनलाइन कंपन्यांना नावे ठेवून गल्ला भरत नाही.

कायद्याची अडचणही आता उरलेली नाही. १९४८ च्या जुन्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावे लागे. डिसेंबर २०१७ पासून राज्यात लागू झालेल्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. त्याच वर्षी चितळे बंधू मिठाईवाले यांनी दुपारची बंद वेळ सोडली. त्यांच्या त्या बंद वेळेवर सारे पुणे विनोद करीत असे. एवढ्या नावाजलेल्या पेढीला गिऱ्हाइकाच्या सोयीचा विचार करावासा वाटतो, तर आपण कोण?

मात्र दुकान उघडे म्हणजे नोकराला जुंपणे नव्हे. नव्या कायद्यातही कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आहे. एक-दोन माणसांच्या दुकानात कोणी तपासायला येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही पाळी लावून प्रत्येकाला त्याची सुट्टी द्यावी. त्यालाही मुलेबाळे आहेत. नोकराची विश्रांती कापून मिळवलेल्या पैशात बरकत राहत नाही.

गिऱ्हाइकाचीही काही जबाबदारी आहे. दुकानात बसून कापडाचा पोत आणि माप समजून घ्यायचे आणि तोच माल मोबाइलवर मागवायचा, ही रीत बरी नव्हे. शिंप्याला सणाच्या आदल्या दिवशी गाठू नये, आठ-दहा दिवस आधी कापड द्यावे. उधारी वेळेवर चुकवावी. पडद्याचे पैसे शिंप्याकडून किराणावाल्याकडे, त्याच्याकडून दूधवाल्याकडे फिरतात. ते गावात जितके फिरतील तितकी दुकाने टिकतील आणि तातडीच्या वेळी जवळ कोणीतरी असेल.

महाळुंगे-बालेवाडीच्या दुकानदार बंधूंना आमची एवढीच सूचना आहे. पुढच्या जोडसुट्टीच्या आठ दिवस आधी दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा: सुट्टीत दुकान उघडे राहील, वेळ अमुक ते अमुक, बिल मिळेल, माल बदलून मिळेल. आणि पाटीवर जे लिहाल ते पाळा.