खेड, खेडशी आणि एक्सेलची अट

मोहल्ल्याच्या शिक्षण निधीची वही, बचत गटाचा हिशोब, शाळेतली शिष्यवृत्तीची यादी, यांतले काही ना काही आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणीतरी सांभाळत असते. पूर्वी हे सारे लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. आता ते संगणकावर किंवा मोबाइलवर एक्सेलच्या पानात असते. एमकेसीएल ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावच्या मुलामुलींना, शिक्षकांना एक्सेलची तोंडओळख झाली. बेरीज बहुतेकांना येते. अडचण येते ती अटीच्या बेरजेत.

कारण लोक एकूण बेरीज क्वचितच विचारतात. दहावीच्या मुलींना किती दिले? खेडला किती गेले? एका घरातली किती मुले यादीत आहेत? अशा प्रश्नांसाठी एक्सेलमध्ये दोन घराणी आहेत. एक सम-इफ, सम-इफ्स, काउंट-इफ्सचे. दुसरे डी-सम, डी-काउंटचे. यातला 'डी' डेटाबेसचा, म्हणजे पद्धतशीर यादीचा. दुसरे घराणे जुने आहे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्राममध्येही ते होते. सम-इफ्स आणि काउंट-इफ्स मात्र २००७ च्या एक्सेलपासून आले. दोन्ही घराणी अटीप्रमाणे हिशोब करतात, पण अट वाचण्याची दोघांची रीत वेगळी आहे. ती रीत ठाऊक नसेल तर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे येतात.

समजा, आपल्या निधीच्या यादीत सात मुले आहेत:

खेड, मुलगी, दहावी, २००० रुपये
खेड, मुलगा, नववी, १००० रुपये
खेडशी, मुलगी, दहावी, १५०० रुपये
खेडशी, मुलगी, नववी, १२०० रुपये
साखरतर, मुलगी, दहावी, २००० रुपये
साखरतर, मुलगा, नववी, ८०० रुपये
राजिवडा, मुलगा, दहावी, १५०० रुपये

एकूण १०,००० रुपये. गाव, मुलगा-मुलगी, इयत्ता आणि रक्कम असे चार रकाने.

पहिला प्रश्न: खेडला किती गेले? सम-इफला तीन गोष्टी सांगायच्या: कोणता रकाना तपासायचा, अट काय आणि बेरीज कोणत्या रकान्याची करायची. उत्तर येते ३००० आणि ते बरोबर आहे.

दुसरा प्रश्न: दहावीच्या मुलींना किती? इथे अटी दोन झाल्या, म्हणून सम-इफ्स. उत्तर ५५००. एक फरक लक्षात ठेवावा. सम-इफमध्ये बेरजेचा रकाना शेवटी सांगतात, सम-इफ्समध्ये सर्वांत आधी. आमचा सल्ला असा की अट एकच असली तरी सम-इफ्सच वापरावे, म्हणजे क्रमाचा गोंधळ राहत नाही. आणखी एक फायदा आहे. तपासायचा रकाना आणि बेरजेचा रकाना यांची लांबी कमी-जास्त झाली तर सम-इफ्स चूक दाखवते. सम-इफ मात्र लांबी स्वतःच जुळवून घेते आणि काहीतरी आकडा देऊन मोकळे होते.

तिसरा प्रश्न जरा अवघड: दहावीच्या मुली, किंवा साखरतरचे कोणीही, यांना मिळून किती? सम-इफ्सला 'आणि' कळते, 'किंवा' थेट कळत नाही. मग आपण दोन बेरजा करून मिळवतो: ५५०० आणि २८००, म्हणजे ८३००. हे उत्तर चूक आहे. साखरतरची दहावीतली मुलगी दोन्हीकडे मोजली गेली. खरे उत्तर ६३००.

इथे डी-सम कामाला येते. यादीपासून बाजूला रकान्यांची नावे जशीच्या तशी पुन्हा लिहायची आणि त्यांच्याखाली अटी मांडायच्या. एका ओळीत लिहिलेल्या अटी 'आणि'ने जोडल्या जातात, तर खालची ओळ म्हणजे 'किंवा'. पहिल्या ओळीत मुलगी आणि दहावी, दुसऱ्या ओळीत फक्त साखरतर. उत्तर ६३००. प्रत्येक मूल एकदाच मोजले गेले. शिवाय अटी पानावर उघड दिसतात. निधीच्या बैठकीत एखाद्या बुजुर्गाने विचारले, "बेटा, हा आकडा कसा काढला?" तर बोट ठेवून दाखवता येते.

पण डी-समचेही दोन खड्डे आहेत. पहिला असा की अटींचा भाग निवडताना खालची एक रिकामी ओळ चुकून आत आली, तर तिचा अर्थ 'काहीच अट नाही' असा होतो. मग सगळी यादी मोजली जाते आणि उत्तर येते १०,०००.

दुसरा खड्डा आपल्या जिल्ह्यात हमखास भेटणारा. डी-समच्या अटीत गावाखाली 'खेड' लिहा. उत्तर ३००० यायला हवे, येते ५७००. कारण एक्सेलचे हे घराणे 'खेड' म्हणजे 'खेडने सुरू होणारे काहीही' असे वाचते. त्यामुळे रत्नागिरी शहराजवळची खेडशी उत्तरेकडच्या खेड तालुक्यात जाऊन बसते. 'खान' ही अट 'खानविलकर'लाही ओढून आणते. उपाय सोपा आहे. अटीच्या सेलमध्ये ="=खेड" असे लिहावे, म्हणजे तंतोतंत खेडच मोजले जाते.

सम-इफ्सची खोड याच्या उलट. त्याला तंतोतंत तेच हवे. 'खेड'नंतर चुकून एक मोकळी जागा राहिली तर ती ओळ गळते. उर्दू दाखल्यावरून मराठीत नावे उतरवताना एकजण 'फातिमा' लिहितो, दुसरा 'फातेमा'. संगणकाला त्या दोन मुली वाटतात. रकमेच्या रकान्यात '५०० रु.' असे लिहिले तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेतून मुकाट्याने बाहेर पडतो. म्हणून रकमेच्या रकान्यात फक्त आकडे लिहावेत आणि गावांची नावे हाताने टाइप न करता ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय करून ठेवावी.

हे सगळे इतक्या बारकाईने का सांगतो आहोत? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या अटी अशा होत्या: मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुण, पालकांचे वार्षिक उत्पन्न १ लाखापेक्षा जास्त नको आणि एका कुटुंबातली दोनच मुले. आता काउंट-इफ्समध्ये उत्पन्नाची अट <=100000 अशी लिहायची, की <100000? फरक फक्त बरोबरच्या चिन्हाचा. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर नेमका १ लाखाचा आकडा असेल, तर दुसऱ्या रीतीने ते मूल यादीबाहेर जाते. गुणांची अट >50 लिहिली तर बरोबर ५० टक्के मिळवणारा गळतो.

दुबार नावे शोधतानाही जपावे लागते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरते. १६ अंकी बँक खाते क्रमांक मजकूर म्हणून लिहिले असले, तरी काउंट-इफ तुलना करताना त्यांना संख्या समजते. दोन भावंडांची खाती एकाच दिवशी उघडली आणि फरक फक्त शेवटच्या अंकात असला, तर ते दोन्ही खाती एकच ठरवते. मग 'दुबार' म्हणून एकाचे नाव कापले जाते.

यादीतून असे गळलेले मूल तक्रार करायला येत नाही, कारण आपण गळलो हे त्याला कळतच नाही. घरच्यांना वाटते, यंदा नशिबात नव्हते. यादी करणाऱ्याला वाटते, आकडा संगणकाने काढला आहे, बरोबरच असणार.

तेव्हा थोडक्यात असे. गावागावांचा तक्ता करायचा असेल, सगळ्या अटी 'आणि'च्या असतील, तर सम-इफ्स आणि काउंट-इफ्स. एकदा लिहिले की खाली वीस गावांपर्यंत ओढता येते. डी-समला प्रत्येक गावासाठी वेगळा अटींचा चौकोन मांडावा लागतो, म्हणून तिथे ते अडचणीचे. 'किंवा' आले, गट एकमेकांत मिसळू लागले, किंवा अटी चारचौघांना दाखवायच्या असल्या, तर डी-सम.

आणि कोणतेही वापरले तरी एक पडताळा करावाच. सगळ्या गावांच्या बेरजा एकत्र करा. त्या एकूण रकमेशी जुळल्या पाहिजेत. आपल्या यादीत खेड ३०००, खेडशी २७००, साखरतर २८००, राजिवडा १५००, मिळून १०,०००. जुळले नाही तर यादी पुढे पाठवू नका. दुसऱ्याचे पैसे आपल्या हाती अमानत असतात. पाच मिनिटे जास्त लागली तरी ती लागू द्यावीत.