मोजदाद शस्त्रक्रियांची, निवड कोणाची?

सरकारी कुटुंबनियोजनाची भाषा आरंभापासून मोजदादीची राहिली आहे. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती तांब्या बसविल्या, एवढेच वर विचारले जाते. त्या स्त्रीला काय हवे होते, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याचा कायदा झाला नाही, आणीबाणी सरली, १९९६ साली लक्ष्यांकही कागदोपत्री रद्द झाले; वृत्ती मात्र पालटली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्या पाठोपाठ मृत्यूंची मालिका सुरू झाली. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद व्हावीत, असे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांतील नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आढळले. पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची. हा निवडीचा कौल नव्हे. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्यावर भार टाकण्याची ही जुनीच रीत होय.

‘अडाणी बाईला काय कळणार?’ असा सवाल केला जातो. रक्तदाब असलेल्या स्त्रीला संयुक्त संप्रेरकांची गोळी धोक्याची, तांबीने पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रीबाबत विचार हवा, इंजेक्शन थांबविल्यावर गर्भधारणेस विलंब लागू शकतो, हे डॉक्टरला ठाऊक असते. परंतु ऊसतोडीच्या फडावर रोजची गोळी वेळेवर घेता येईल काय, नवरा निरोध वापरील काय, पुढे मूल हवे आहे काय, हे त्या स्त्रीखेरीज कोणास ठाऊक? दोन्ही ज्ञाने एकत्र आल्याविना योग्य निर्णय संभवत नाही. ‘सांगण्यास वेळ नाही’ ही सबबही टिकणारी नाही. शस्त्रक्रियेमागे रोख रक्कम मोजणाऱ्या शासनाने संवादासाठीही पैसा मोजला पाहिजे. न समजावता दिलेले साधन अर्ध्यावर सोडले जाते, आणि तो खर्च वायाच जातो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: सर्व साधने येथे मिळतात काय? त्यांचे गुणदोष सांगण्यास माणूस नेमला आहे काय? नकार देणाऱ्या स्त्रीला सन्मानाने परत पाठविले जाते काय? नाही म्हणण्याची मुभा नसेल, तर तिच्या होकाराला अर्थ उरत नाही.