धर्मगुरू नसलेली दोनशे वर्षं

आयर्लंडमधलं मेनूथचं सेमिनरी 1795 साली सुरू झालं. कधीकाळी शेकडो तरुणांनी गजबजलेल्या या संस्थेत आज धर्मगुरू होऊ पाहणारे मोजकेच आहेत.

ही चणचण गंभीर आहे. मिस्सा धर्मगुरूशिवाय होत नाही. पण त्यामुळे शुभवार्ताच थांबेल, ही भीती नागासाकीचा इतिहास खोटी ठरवतो. सतराव्या शतकात जपानमधले धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेले. मागे उरले शेतकरी आणि कोळी. गावातल्या जाणत्यांनी बाळांना बाप्तिस्मा दिला, सणवार जपले, प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीला दिल्या. मरियेची मूर्ती कान्नोन या बौद्ध देवतेच्या रूपात घरात ठेवली. सापडलं तर मरण होतं. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीजवळच्या उराकामीचे काही गावकरी तिथल्या ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच मिशनरी फादर पतिजाँ यांना म्हणाले, आमचा विश्वास तुमचाच आहे.

प्रापंचिकांचं हे सामर्थ्य दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्वतंत्र आदेशपत्रात मान्य केलं. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये धर्मशिक्षकाला अधिकृत सेवापद दिलं. आता वसईसारख्या धर्मप्रांतानेही रविवारी मुलांना शिकवणाऱ्या गृहिणी-नोकरदारांना पक्कं प्रशिक्षण द्यावं आणि निर्णयांतही सामील करून घ्यावं.